काही त्रास नसताना कॅन्सरची तपासणी करून आले

आमच्या धाराशिव जिल्ह्यात कॅन्सरचे मेसेज काय नवीन नाहीत, व्हॉट्सअॅपवर येतात, आरोग्य केंद्राच्या भिंतीवर रंगवलेत. पण बहुतेकांत लक्षणांचीच यादी. अंगावरून जास्त जातंय का, छातीत गाठ लागते का, तोंडातला छाला बरा होत नाही का, असेल तर डॉक्टरांना भेटा. आता ज्या बाईला यातलं काहीच नाही ती काय समजणार, आपण सुटलो. मी आणि माझी जाऊ दोघी तसंच समजत होतो आणि माझं स्पष्ट मत आहे की गाडी इथंच अडते, कारण गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर व्हायच्या कितीतरी वर्षं आधी तिथल्या पेशी बदलायला लागतात, बाईला काही कळत नाही, आणि तपासणी असते ती त्याच काळासाठी.

आशाताई तिशीच्या पुढच्यांचा फॉर्म भरायला आल्या, कंबर मोजली, तंबाखू-मिश्रीचं विचारलं. मी म्हटलं मला काही होत नाही. तर म्हणाल्या, "वहिनी, काही होत नाही ना, मग तुम्हीच या. त्रास असणारीला उपचार लागतो, तपासणी धडधाकट बाईचीच असते." असं सरळ कुणी सांगितलंच नव्हतं. वर हेही सांगितलं की तपासायला बाईच आहे, पडदा आहे, पैसे लागत नाहीत, पाळी चालू असताना येऊ नका, मी सोबत येते. मी गेले ते या सगळ्यामुळं, भिंतीवरच्या त्या भयानक फोटोंमुळं नाही, ते बघून तर बायका मान फिरवतात.

तिथं बीपी, शुगर, मग बॅटरी लावून तोंड बघितलं, छाती तपासली. शेवटी आतली तपासणी. व्हिनेगरसारखं द्रावण लावून मिनिटभर थांबतात, पांढरा डाग उठतो का बघतात. थोडं चुरचुरलं, अवघडल्यासारखं झालं, पण दुखलं नाही. तिथंच सांगितलं, डाग नाही, पाच वर्षांनी परत या. डाग उठला म्हणजे कॅन्सरच असंही नाही, पुढची तपासणी करतात, हे सिस्टरनी आधीच सांगितल्यानं जीव थाऱ्यावर होता.

सासूबाई नुसत्या सोबत आल्या होत्या. पण त्या मिश्री लावतात. सिस्टर मिश्रीवरून बोलल्या असत्या तर त्या उठूनच गेल्या असत्या, सिस्टर एवढंच म्हणाल्या, "आजी, तोंड किती उघडतंय बघू." गालाच्या आत पांढरा चट्टा निघाला, पुढं दाखवायला चिठ्ठी दिली, तिथं दाखवलं, आता लक्ष ठेवून आहेत.

आमच्याच जिल्ह्यातल्या गावांत टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलनं सव्वा लाखाच्या वर बायकांचा अभ्यास केला होता, 2009 ला छापून आला. एकदाच एचपीव्ही टेस्टला, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर ज्या विषाणूमुळं होतो त्याच्या तपासणीला, बोलावलेल्या गटात त्या कॅन्सरनं जाणाऱ्या बायका जवळपास निम्म्यानं कमी. त्या वेळी बोलावलेल्यातल्या बहुतेक जणी आल्या, कारण कार्यकर्त्या घरोघरी जाऊन बोलावत होत्या.

आता बचत गटाच्या ग्रुपवर मी व्हॉइस मेसेज टाकते, त्यात लक्षणं नाहीत, फक्त वार, वेळ, बाईच तपासते, आणि काही त्रास नसेल तरी या. जाऊ जाऊन आली. ज्या येत नाहीत त्यांची अडचण वेगळी, सोयाबीन काढणीत कुणाला सवड असते, म्हणून आशाताईंनी पुढचं शिबिर काढणी उरकल्यावर घ्या असं वर कळवलंय.