पायलट रीडिंग ते सी.बी.आर.

जानेवारी सरत आला की बारावीच्या मुलांचा धोशा सुरू होतो: जर्नल सर्टिफाय झालं का, ओळखायला सॉल्ट कुठलं येईल आणि टायट्रेशनचं (एका द्रावणात दुसरं थेंब-थेंब घालून मोजायच्या प्रयोगाचं) सी.बी.आर. किती धरायचं. यातला तिसरा प्रश्न मला भारी गमतीचा वाटतो. सी.बी.आर. म्हणजे कॉन्स्टंट ब्यूरेट रीडिंग: ब्यूरेट या रेघा आखलेल्या काचेच्या नळीवर पुन्हा पुन्हा सारखं आलेलं माप. ते यायला हवं ना, धरायचं कसं? पण धरतात. आधीच्या बॅचचा कोणीतरी कॉरिडॉरमध्ये "दहा पॉइंट दोन" असं पुटपुटतो आणि पुढच्या बॅचच्या निम्म्या ब्यूरेटांतलं परमँगनेट मुकाट्याने दहा पॉइंट दोनलाच थांबतं.

माझी भाची यंदा बारावीला आहे. तिला मोल कन्सेप्ट (मोल हे कण मोजायचं एकक) येतो, म्हणजे गणितं सुटतात. रेडॉक्सही (इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण) येतं, म्हणजे समीकरण संतुलित होतं. पण दोन्ही वेगवेगळ्या धड्यांत आणि वेगवेगळ्या वह्यांत. त्यांची गाठ पडते ती पांढऱ्या टाइलवर ठेवलेल्या कोनिकल फ्लास्कमध्ये, आणि तिथे मुलांचं लक्ष घड्याळाकडे असतं.

खरं तर या प्रयोगाइतकी देखणी गोष्ट शाळा-कॉलेजच्या रसायनशास्त्रात दुसरी नाही. पिपेटने दहा मिली ऑक्झॅलिक ॲसिड घ्यायचं, त्यात टेस्टट्यूबभर पातळ सल्फ्युरिक ॲसिड घालायचं आणि साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवायचं. थर्मामीटर मोकळा नसेल तर वाफ दिसायला लागली की उतरवायचं. वर ब्यूरेटमध्ये जांभळंगर्द परमँगनेट. तेच, जे आपल्याकडे विहिरीत टाकायचे. रंग इतका गडद की खालची वक्ररेषा दिसतच नाही, म्हणून इथे माप वरच्या कडेवर वाचतात.

आता पहिला थेंब. तो पडतो आणि गुलाबीच राहतो. फ्लास्क हलवा, आणखी हलवा, रंग हटत नाही. नवखा मुलगा इथेच घाबरतो: झालं की काय? झालेलं काहीच नसतं. थोड्या वेळाने रंग विरतो, दुसरा थेंब जरा लवकर विरतो आणि मग सरसर पडणारे थेंब पाण्यात पडताच नाहीसे होतात. अभिक्रियेत तयार होणारा मँगनीजचा आयनच तिचा उत्प्रेरक असतो. पंगतीत पहिला माणूस बसेपर्यंत सगळे "तुम्ही बसा, तुम्ही बसा" करत उभे असतात, तसंच. उत्प्रेरकाची व्याख्या मुलं दहावीपासून घोकतात. इथे ती डोळ्यांसमोर घडते आणि जर्नलमध्ये तिला एक ओळही मिळत नाही.

शेवटाकडे पुन्हा हात सावकाश करावा लागतो. एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा. परमँगनेट ०.०२ मोलर (लिटरमागे ०.०२ मोल) असेल तर त्या थेंबात एक मोलचा दहा लाखावा भाग, म्हणजे सहावर सतरा शून्यं इतके परमँगनेट आयन. त्यातला प्रत्येक जण पाच इलेक्ट्रॉन घेणार; मँगनीज अधिक सातवरून अधिक दोनवर येणार. ऑक्झॅलेटचा एकेक आयन देणार फक्त दोन. म्हणून दोनास पाच हे प्रमाण. भाचीने फोनवर विचारलेल्या "मामा, पाचने का गुणायचं?" याचं उत्तर एवढंच आहे. ऑक्झॅलिक ॲसिड ०.०५ मोलर असेल तर त्याच्या दहा मिलीला परमँगनेटही बरोबर दहा मिली लागतं. हिशोब कागदावर करून मग ब्यूरेटकडे पाहिलं की एका मोलमधल्या कणांचा, अॅव्होगॅड्रोचा तो अवाढव्य आकडा काचेवरच्या रेघांपर्यंत खाली येतो.

फ्लास्कमधलं ऑक्झॅलेट संपलं की पुढच्या थेंबाला गिऱ्हाईक उरत नाही आणि सगळं द्रावण फिकट गुलाबी होतं. शेवट दाखवायला वेगळा दर्शक लागत नाही. लोखंडाच्या मापनासाठी ही युक्ती मार्गेरित या फ्रेंच रसायनज्ञाने १८४६ मध्ये वापरली. ज्याच्या नावाचं 'मोहर्स सॉल्ट' हे लोखंडाचं सॉल्ट आपण प्रयोगशाळेत वापरतो, तो मोहर हा जर्मन माणूसही त्याच काळातला. गडद गुलाबी झालं तर थेंब जास्त पडला. आणि तपकिरी गढूळपणा आला तर बहुधा सल्फ्युरिक घालताना हात आखडला होता; मँगनीज डायऑक्साइडवरच गाडी अडली.

हे गढूळ झालेलं द्रावण मला त्या "दहा पॉइंट दोन"पेक्षा जास्त शिकवणारं वाटतं. पण ते बेसिनमध्ये जातं, कारण गुण अपेक्षित आकड्याच्या जवळ जाण्याला. मग पोरं आधी आकडा ठरवतात आणि पायलट रीडिंग, म्हणजे खरं तर आधी घ्यायचं अंदाजे माप, 'नऊ ते दहा' की 'दहा ते अकरा' हे मागाहून लिहितात. दोष त्यांना कसा द्यायचा? तीन तासांत सॉल्टही ओळखायचं असतं.

व्हायवात तर ठरलेलंच: सल्फ्युरिकच का, हायड्रोक्लोरिक का नाही? (परमँगनेट क्लोराइडलाही सोडत नाही, क्लोरीन बाहेर काढतं, म्हणजे माप फुगतं.) नायट्रिक का नाही? ते स्वतःच ऑक्सिडीकारक. ही उत्तरं पाठ करून मिळतात. मी भाचीला सांगितलंय की एक्स्टर्नलने, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाने, विचारलं नाही तरी पहिला थेंब उशिरा का विरतो ते तूच सांगून टाक. ती म्हणाली, "मामा, न विचारलेलं सांगितलं की ते त्यावर आणखी दोन विचारतात."