थायलंडमध्ये कुणाला काय सांगायचं : ग्रँड पॅलेसच्या फुटपाथपासून स्कूटरच्या दुकानापर्यंत

बँकॉकच्या राजवाड्याबाहेर, म्हणजे ग्रँड पॅलेसबाहेर, कुणी 'आज बंद आहे' म्हणालं तर विश्वास ठेवू नका. ग्रँड पॅलेस सहसा बंद नसतो. सकाळी ८:३० ते दुपारी ३:३०, आठवड्याचे सातही दिवस तिकीट मिळतं आणि ते ५०० बाथचं असतं (एक बाथ म्हणजे साधारण अडीच ते तीन रुपये). राजघराण्याचा समारंभ असेल तर आवार पूर्ण किंवा अर्धं बंद ठेवतात, पण तसं राजवाड्याच्या संकेतस्थळावर आधी जाहीर करतात. भिंतीलगत उभ्या असलेल्या, इस्त्रीचा शर्ट घातलेल्या गोड माणसाकडून ती बातमी कळत नसते.

बँकॉक, चियांग माई, कोह सामुई, फुकेत हा मराठी पर्यटकांचा नेहमीचा मार्ग. पाकीट सांभाळा, भाव करा हे सगळेच सांगतात. इथे खरा फटका गप्पांमधून बसतो आणि त्यासाठी लागणारा माल, म्हणजे स्वतःची माहिती, आपणच पुरवतो, हे निघण्याआधी कुणी सांगत नाही. म्हणून हा वृत्तांत जवळजवळ सगळा त्याच एका गोष्टीवर आहे. चियांग माईचे दिवस सुंदर जातात, तिथली देवळं आणि रविवारचा बाजार बघा. सावध करण्यासारखं तिथे फारसं काही नाही.

सगळ्यात वाईट टप्पा सनाम चाय मेट्रो स्टेशन ते राजवाड्याचं प्रवेशद्वार हा किलोमीटरभराचा. तो वाईट असण्यामागे नकाशाचं कारण आहे. स्टेशनातून बाहेर पडलं की आधी वाट फो हे देऊळ येतं, मग राजवाड्याची दक्षिणेकडची लांबलचक भिंत. या बाजूचे दरवाजे पर्यटकांसाठी नसतातच, त्यामुळे ते बंद दिसतात. पर्यटकांचं प्रवेशद्वार उत्तरेला, ना फ्रा लान रस्त्यावर, सनाम लुआंग मैदानासमोर आहे. बंद दरवाजा समोर दिसत असताना कुणी 'आज बंद, पूजा आहे, दुपारनंतर या' म्हणालं की ते खरंच वाटतं. भिंत धरून उत्तरेकडे चालत राहा, कुणाशी बोलायला थांबू नका.

थांबलात तर पाच प्रश्न येतात, आणि ते ठरलेल्या क्रमानेच येतात. कुठून आलात? पहिल्यांदाच का? किती दिवस आहात, परत कधी? हॉटेल कुठलं? सोबत कोण आहे? आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेला माणूसही 'गाव कुठलं, पोरं किती' विचारतो, त्यामुळे आपण सवयीने सगळं सांगून टाकतो. पण इथे प्रत्येक उत्तराला भाव आहे. देश कळला की कुठली गोष्ट पुढे करायची ते ठरतं. 'पहिल्यांदाच' म्हटलं की तुम्हाला दर माहीत नाहीत हे कळतं. हॉटेलच्या नावावरून तुमचा खर्चाचा आवाका समजतो. सोबत कोण हे विचारायचं कारण असं की एकट्या माणसाला 'थांब, हे बरोबर नाही' म्हणणारं कुणी नसतं.

सर्वांत महाग उत्तर परतीच्या तारखेचं. 'उद्या रात्रीचं विमान' हे ऐकताच समोरच्याचा रस वाढतो. उद्या जाणारा माणूस माल परत करायला येणार नाही आणि तक्रारीसाठी पोलिसांकडेही बसणार नाही. दिवसभर फिरण्याचे २० किंवा ४० बाथ मागणारी टुकटुक (तिथली तीनचाकी रिक्षा) लगेच शेजारी उभी राहते. एक-दोन देवळं दाखवून ती खड्यांच्या दुकानात नेते, कारण तिथे गिऱ्हाईक पोचवलं की चालकाला कमिशन मिळतं. सरकारी विक्री, आज शेवटचा दिवस, करमाफी, भारतात विकलात तर दुप्पट, ही तिथली ठरलेली टेप. नीलम आणि माणिक दाखवतात, कार्ड घासून घेतात आणि 'विमानतळावर कटकट नको, आम्ही पार्सल घरी पाठवतो' म्हणून घरचा पत्ता लिहून घेतात. पार्सल पाठवण्याचा आग्रह असतो तो तुम्ही बँकॉकमध्ये असेपर्यंत खडे दुसऱ्या कुणाला दाखवू नयेत म्हणून. थाई सरकारचं असं कुठलंही खड्यांचं दुकान किंवा सेल नाही. सापडलात तर त्याच दिवशी पर्यटक पोलिसांना ११५५ वर फोन करा. तुम्ही देशात असेपर्यंतच पैसे परत मिळण्याची काही आशा असते.

उत्तरं अशी द्या. देश सांगितला तरी चालतो, तो चेहऱ्यावरून कळतोच. 'याआधीही आलोय.' 'अजून बरेच दिवस आहे.' हॉटेलचं नाव सांगायचं नाही, भाग सांगायचा : 'आसोकजवळ', 'सिलोमला'. सोबत कोण? 'मंडळी पुढे गेली आहेत.' रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला खरं उत्तर देण्याचं बंधन नाही, त्याबद्दल मनात काही ठेवू नका. मात्र इमिग्रेशन, पोलीस, हॉटेल, बँक आणि रुग्णालय इथे एक अक्षरही खोटं चालणार नाही. हा फरक घरातल्या ज्येष्ठांनाही निघण्याआधी नीट समजावून सांगा.

राजवाड्याजवळ नदीवर असलेल्या था तिएन धक्क्यावर हेच प्रश्न बोटवाले विचारतात आणि एका फेरीचे हजार-दीड हजार बाथ सांगतात. पलीकडे वाट अरुण देवळाकडे जाणारी फेरीबोट ५ बाथची आहे आणि नारिंगी झेंड्याची नदीबोट १६ बाथची. तिकीट खिडकीवर किंवा बोटीतल्या कंडक्टरकडून घ्या.

आता आपल्याच माणसांबद्दल, कारण तिथे मराठी मंडळी सर्वांत लवकर मोकळी होतात. परक्या मुलखात कुणी हिंदीत हाक मारली की जीव सुखावतो, पण भाषा ही ओळखीची खात्री नव्हे. बँकॉकच्या सुखुमवित रस्त्यावरचे शिंप्याच्या दुकानाचे दलाल हॉटेलचं नाव आणि खोली क्रमांक विचारतात, 'माप घ्यायला येतो' म्हणून. खोली क्रमांक कुणालाही सांगायचा नाही, माप दुकानातच द्यायचं. कपाळ वाचणारे ज्योतिषी आईचं नाव, भावंडं किती, आवडतं फूल कुठलं असं विचारत जातात आणि कागदावर आधीच लिहिलेलं उत्तर काढून दाखवतात. ती हातचलाखी असते, शेवटी दक्षिणा मागतात आणि दिली की आणखी मागतात. शिवाय आईचं नाव आणि जन्मतारीख या गोष्टी बँका ओळख पटवायला विचारतात. मान हलवून पुढे चला.

कागदपत्रं कुठे द्यावीच लागतात हेही स्पष्ट माहीत हवं, नाहीतर माणूस नको तिथे अडतो. हॉटेलला तुमची नोंद २४ तासांत इमिग्रेशनला कळवावी लागते, तेव्हा काउंटरवर पासपोर्ट मागणं योग्यच. समोर स्कॅन करून लगेच परत घ्या. सिमकार्ड घेताना पासपोर्टची नोंद आणि चेहऱ्याचा फोटो होतो, पैसे बदलतानाही पासपोर्ट लागतो.

थायलंडमध्ये उतरण्याआधी डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. १ मे २०२५ पासून ते सक्तीचं आहे. ते पूर्णपणे मोफत आहे आणि पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं. गूगलवर शोधलं की हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या खाजगी साइट वर येतात, शुल्क घेतात आणि पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, विमान, हॉटेल असं सगळं एका जागी गोळा करतात. पत्त्याचा शेवट 'गो डॉट टीएच' असेल आणि त्याआधी 'इमिग्रेशन' असेल तरच भरा. पैसे मागितले की ती साइट खोटी, बंद करा.

दुसरा वाईट टप्पा बेटांवरचा. कोह सामुई, कोह फांगान, फुकेत, कुठेही स्कूटर भाड्याने घ्यायला गेलात की दुकानदार पासपोर्ट ठेवून घेतो म्हणतो. भाडं दिवसाला २०० ते ३०० बाथ, आणि त्यासाठी गहाण पडते देशाबाहेर पडण्याची तुमची एकमेव सोय. हे कधीही करू नका. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, ती तारण ठेवायचा हक्क तुम्हाला नाही. पासपोर्ट एकदा दुकानदाराच्या खणात गेला की परत करताना सापडलेला चरा पाच हजाराचा की पंधरा हजाराचा हे तोच ठरवतो, आणि संध्याकाळची बोट तुमची असते, त्याची नाही. समुद्रकिनाऱ्यावर जेट-स्कीवाले हाच खेळ खेळतात. फुकेतमधलं पाटाँग आणि पट्टाया इथे जेट-स्की घेऊच नका.

स्कूटर हवीच असेल तर रोख डिपॉझिट द्या. ३००० ते ५००० बाथवर राजी होणारी दुकानं सापडतात, दोन-तीन ठिकाणी विचारावं लागतं. दिलेल्या रकमेची सही केलेली पावती घ्या. निघण्याआधी दुकानदार दिसेल असा सलग व्हिडिओ काढा : चारी बाजू, दोन्ही आरसे, ब्रेकच्या मुठींची टोकं, पाय ठेवायच्या जागेच्या खालची बाजू, टायर, किलोमीटरचा काटा, पेट्रोल. खालची बाजू विसरतात आणि वाद तिथल्याच ओरखड्यावरून होतो. हॉटेलचं नाव विचारलं तर भागाचं नाव सांगा आणि रात्री स्कूटर हॉटेलच्या आवारात, स्वतःचं कुलूप लावून ठेवा. दुसऱ्या किल्लीने गाडी नेऊन चोरीची भरपाई मागण्याचे प्रकार होतात. आरटीओकडून घेतलेला आंतरराष्ट्रीय परवाना लागतोच, आणि त्यात दुचाकीचा वर्ग नोंदलेला हवा. फक्त कारचा परवाना असेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते.

पासपोर्टची प्रत द्यायची वेळ आली तर पहिलंच पान द्या. बहुतेकांच्या हातात असलेल्या भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडील, आई, पती किंवा पत्नी यांची नावं आणि घरचा पूर्ण पत्ता असतो. परदेशातल्या स्कूटरवाल्याला त्याची काडीचीही गरज नाही. आपण मात्र दोन्ही पानांची एकत्र झेरॉक्स घेऊन जातो, कारण इथे सगळीकडे तशीच मागतात. प्रतीवर आडवं लिहा : कुणासाठी, कशासाठी, तारीख. पासपोर्ट क्रमांक झाकायचा असेल तर वरचा झाकून भागत नाही. पानाच्या तळाशी बाणांच्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात, त्यांत क्रमांक आणि जन्मतारीख पुन्हा छापलेली असते. आधार आणि पॅन देऊ नका, ते तिथे ओळखपत्र म्हणून चालत नाहीत. बँकेच्या कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो व्हॉट्सॲपवर मागणाऱ्या टूरवाल्याला नकार द्या आणि जागेवर रोख भरा. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर चालू-बंद करता येतो. पैसे द्यायच्या आधी चालू, मग बंद.

ग्रुप टूरमध्ये तर आपण स्वतःच ही माहिती वाटत असतो. चाळीस जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रत्येकाने पासपोर्टचे फोटो टाकायचे ही पद्धत भयंकर आहे. फोटो टूर मॅनेजरला एकट्याला पाठवा. लॉबीत खोली क्रमांक ओरडून सांगणं बंद करायला लावा. मॅनेजरने सगळ्यांचे पासपोर्ट घेतले तर चेक-इन झाल्यावर आपापला लगेच परत मागा. बोर्डिंग पासचा फोटो स्टेटसला लावू नका, त्यावरचा बुकिंग क्रमांक आणि आडनाव एवढ्यावर विमान कंपनीच्या साइटवर तुमचं तिकीट उघडतं. बॅगेच्या पट्टीवर मोबाइल आणि ईमेल पुरे, घरचा पत्ता नको.

घरच्यांसाठी निघण्याआधी एक प्रश्न ठरवून ठेवा, ज्याचं उत्तर फक्त घरात माहीत आहे. तुमचं नाव, वडिलांचं नाव, हॉटेल आणि मोबाइल बंद असण्याची वेळ एवढं हाती असलं की 'तुमचा मुलगा बँकॉकला पोलिसांत आहे, पैसे पाठवा' हा फोन कुणीही करू शकतो. तेव्हा घरच्यांनी तोच प्रश्न विचारायचा.

तरुणांना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. हॉस्टेलात कुणी 'काय काम करतोस, पगार किती, कॉम्प्युटर येतो का' असं विचारत चांगल्या नोकरीची गोष्ट काढली तर तिथेच थांबा. मे सोट या सीमेवरच्या गावातून लोकांना म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या केंद्रांत डांबलं जातं. भारत सरकारने २०२२ मध्येच याबद्दल इशारा दिला होता, आणि मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी मे सोटहून ५०० हून अधिक भारतीय परत आणावे लागले. नोकरीच्या नावाखाली कुणालाही पासपोर्ट दाखवू नका, कुणाच्या गाडीत बसू नका.

पासपोर्ट हरवला किंवा कुणी अडकवून ठेवला तर क्रम असा. आधी पोलिसांची लेखी नोंद. मग बँकॉकच्या सुखुमवित सोई २३ मधला भारतीय दूतावास, जिथून इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. ते फक्त भारतात परतण्यापुरतं असतं. त्यानंतर थाई इमिग्रेशनकडून तुमच्या प्रवेशाची नोंद त्या नव्या कागदावर करून घ्यायची, नाहीतर विमानतळावर अडवतात. शनिवार-रविवार मध्ये आले की दिवस वाढतात, तिकीट बदलावं लागतं. पहिल्या पानाचा आणि प्रवेशाच्या शिक्क्याचा फोटो स्वतःच्या ईमेलवर आधीच असेल तर प्रत्येक काउंटरवर काम सोपं होतं.

परत आल्यावर टूरवाल्यांना आणि हॉटेलांना पाठवलेले पासपोर्टचे फोटो चॅटमधून 'सर्वांसाठी' डिलीट करून बघा. जुन्या संदेशांना ती सोय मिळत नाही, तिथे समोरच्याला सांगून काढायला लावा. व्हॉट्सॲपच्या 'लिंक केलेली डिव्हाइसेस' या यादीत अनोळखी काही दिसलं तर काढून टाका. कार्डाचा परदेशी वापर बंद करा आणि पुढचे दोन महिने स्टेटमेंट ओळ न् ओळ वाचा. चोरलेल्या कार्डावर आधी अगदी किरकोळ रक्कम टाकून ते चालतं का हे तपासतात आणि मोठा फटका त्यानंतर बसतो.