पिनची वायर तुटली होती, एस्टिमेट मदरबोर्डचं आलं

लॅपटॉप सुरू होत होता, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर चालत होतं, फक्त बॅटरी भरत नव्हती. एवढ्यावरून अधिकृत सर्व्हिस सेंटरने मला आख्खा मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, बदलायला सांगितला. २२,५०० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २६,५५०. तेच काम शेवटी सांगलीत साडेसातशे रुपयांत झालं. पैसे वाचल्याचा आनंद आहेच, पण त्या सेंटरवरचा राग अजून उतरलेला नाही.

मी घरून छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब आणि जीएसटी रिटर्न्स करते. सुरुवातीला चार्जरची पिन जरा तिरकी धरली की दिवा लागायचा, हात सोडला की जायचा. नंतर स्क्रीनवर ‘प्लग्ड इन’ दिसायचं, पण बॅटरीचा आकडा हलायचा नाही. आणि लॅपटॉप चालू करताना काळ्या पडद्यावर एक सूचना यायची, की अडॅप्टरचा प्रकार ओळखता येत नाही. ही सूचना दिसली तर तिचा फोटो लगेच काढून ठेवा. माझ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा पुरावा तोच ठरला.

घरी करण्यासारखं सगळं मी करून पाहिलं. दुसरा सॉकेट लावला. भाच्याचा त्याच कंपनीचा, तेवढ्याच वॅटचा चार्जर लावून पाहिला, तरी तेच. दिराकडे मल्टिमीटर आहे. डीसीच्या २० व्होल्टच्या रेंजवर त्यांनी चार्जरची पिन मोजली, १९.५ व्होल्ट आले. चार्जरवर छापलेला आकडाही तोच होता. लॅपटॉप बंद करून पोर्टमधली, म्हणजे पिन जिथे घालतो त्या भोकातली, धूळ लाकडी टूथपिकने काढली. तिथे सुई किंवा सेफ्टी पिन घालू नका, आतले संपर्क एकमेकांना चिकटले तर नसलेलं दुखणं मागे लागेल. बॅटरीही तपासली. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, एक जागा सोडून स्लॅश, आणि त्याला जोडून बॅटरीरिपोर्ट असं टाइप केलं की एक फाइल तयार होते. बॅटरी नवी असताना किती साठवायची आणि आता किती साठवते, हे दोन्ही आकडे त्यात असतात. माझी बॅटरी ठीक होती.

म्हणजे चार्जर चांगला, बॅटरी चांगली. उरला पोर्ट आणि त्याच्या मागचं सगळं. वॉरंटी संपली होती, तरी अधिकृत ठिकाणीच दाखवावं म्हणून शेजारच्या जिल्ह्यातलं सेंटर गाठलं.

काउंटरवरच्या मुलीने जॉब शीटवर, म्हणजे तक्रारीच्या कागदावर, लिहिलं, ‘नॉट चार्जिंग’. मी म्हटलं, अडॅप्टर ओळखत नसल्याची सूचना येते तेही लिहा. ती म्हणाली, “मॅडम, एवढं लिहायची गरज नसते, इंजिनिअर बघतील.” मी तेव्हाच अडून बसले आणि ते वाक्य लिहून घेतलं. तुम्हीही घ्या. त्या कागदावर एक ओळ असते की डेटा गेला तर जबाबदारी आमची नाही, आणि सही केल्याशिवाय मशीन आत जात नाही. त्यामुळे घरून निघण्याआधी, बॅटरीत जीव आहे तोवर, सगळ्याचा बॅकअप घेतलेला असावा. मी टॅलीचा डेटा पेन ड्राइव्हवर घेतला होता, म्हणून नणंदेच्या जुन्या लॅपटॉपवर काम चालू ठेवता आलं. ११ तारखेला जीएसटीआर-वन, २० तारखेला थ्री-बी, या दर महिन्याच्या जीएसटी रिटर्न्सच्या तारखा कोणाच्या पोर्टसाठी थांबत नाहीत. थ्री-बी उशिरा भरला की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागतं, आणि ते माझ्या अशिलांना भरावं लागलं असतं.

मग सुरू झालं वाट पाहणं. मोबाइलवर मेसेज यायचा, ‘आपले उपकरण तपासणीत आहे’. दोन-तीन दिवसांनी तोच मेसेज पुन्हा. टोल-फ्री नंबरवर फोन केला की केस नंबर सांगा, मोबाइल नंबर सांगा, तक्रार पहिल्यापासून सांगा, आणि शेवटी उत्तर एकच, “सेंटरकडून अपडेट आलेलं नाही.” सेंटरला फोन केला तर ते म्हणायचे, कस्टमर केअरला विचारा.

अखेर ईमेलवर एस्टिमेट आलं. कारण दोन शब्दांत, ‘मदरबोर्ड फॉल्टी’. मी पुन्हा सेंटरला गेले आणि विचारलं, पोर्टवर किती व्होल्ट येतात ते मोजलं का? पोर्टपासून बोर्डापर्यंतची केबल काढून पाहिली का? माझ्या मॉडेलमध्ये पोर्ट बोर्डाला डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, बसवलेला नाही. तो छोट्या केबलच्या टोकाला असतो आणि केबलचं दुसरं टोक बोर्डावरच्या कनेक्टरमध्ये बसतं. कंपनीच्या स्वतःच्याच सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्याचं चित्र आहे, तो सुटा भाग म्हणून दिलेला आहे. ते पान मी छापून नेलं होतं. काउंटरवर उत्तर मिळालं, “लॅपटॉप अडॅप्टरवर चालतो आणि बॅटरी चार्ज होत नाही, म्हणजे बोर्डाचं चार्जिंग सेक्शन गेलं.” इंजिनिअरशी बोलू द्या म्हटलं तर ते बाहेर येत नाहीत. मोजलेले आकडे लेखी द्या म्हटलं तर तशी पद्धत नाही. केबल आधी बदलून बघा, तिचे पैसे देते, असंही म्हटलं. सिस्टीम मदरबोर्डच सुचवते, तेवढाच भाग मागवता येतो, असं सांगितलं.

मी एस्टिमेट नाकारलं. मला वाटलं, आता मशीन हातात मिळेल. पण नाकारल्याची नोंद वरून मंजूर व्हावी लागते म्हणे! तोवर लॅपटॉप त्यांच्याकडेच. आणि दुरुस्ती न करताही तपासणीचे ५९० रुपये भरायचे. कसली तपासणी, हे शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. घरी येऊन मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ या नंबरवर फोन केला. तिथे मराठीत बोलता येतं. जॉब शीट, एस्टिमेट आणि त्या सूचनेचा फोटो जोडून तक्रार नोंदवली, तिचा नंबर सेंटरला ईमेलने कळवला. त्यानंतर मशीन परत न्यायला या म्हणून फोन आला.

दुरुस्ती झाली ती सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका छोट्या दुकानात. दुकानातल्या दादांनी फोटो पाहिला आणि पहिलंच वाक्य बोलले, “ताई, मधल्या पिनची वायर बघू आधी.” अशा चार्जरच्या पिनला बाहेरचं कडं निगेटिव्ह, आतलं पॉझिटिव्ह आणि मधोमध सुईसारखी बारीक पिन असते. ही बारीक पिन वीज देण्यासाठी नाही, चार्जर कोणता आहे हे लॅपटॉपला कळवण्यासाठी आहे. तिचा संपर्क तुटला की लॅपटॉप चालतो, पण चार्जर ओळखत नाही, म्हणून बॅटरी भरत नाही आणि काही वेळा मशीन मंदही चालतं. सेंटरने बोर्डावर ठपका ठेवला तो याच लक्षणावरून.

दादांनी तळाचं झाकण उघडून सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढला. घरी उघडणाऱ्यांनी हे विसरू नये. स्क्रूही वेगवेगळ्या लांबीचे असतात, कागदावर जागेनुसार मांडून ठेवावेत. केबल काढून मीटर बीपवर लावला; वायर सलग असेल तर तो वाजतो. दोन जाड वायरी ठीक होत्या. बारीक वायर पोर्टच्या मानेशी वाकवली की बीप बंद, सरळ केली की चालू. तिथेच निकाल लागला, तोही माझ्या डोळ्यांदेखत.

नवी केबल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवली. ४५० रुपये केबलचे, ३०० मजुरी. मागवताना केबलवर छापलेला पार्ट नंबर जुळवायचा. नुसत्या दिसण्यावर गेलं तर लांबी किंवा कनेक्टर वेगळा निघतो.

तुमचा पोर्ट थेट बोर्डावर डाग दिलेला असेल तर हे काम एवढं सोपं नाही. घरच्या सोल्डरिंग गनने हात घालू नका, हॉट एअर मशीन असलेला आणि बोर्डाचं काम करणारा माणूस शोधा. टाइप-सी असेल तर आधी चार्जरची केबल बदलून बघा, ६० वॅटच्या वर साधी केबल पुरत नाही. टाइप-सीचा छोटा यूएसबी टेस्टर मिळतो. चार्जर २० व्होल्टचा असून टेस्टरवर ५ व्होल्टच अडकले असतील, तर चार्जर आणि लॅपटॉप यांचं बोलणंच होत नाहीये, असं समजा.

जुनी केबल मी दादांकडून मागून घेतली आणि तिचा फोटो १९१५ च्या तक्रारीला जोडला. ५९० रुपये परत मागितले आहेत, आणि काय मोजलं त्याचा लेखी अहवालही. सेंटरचं उत्तर अजून आलेलं नाही. तक्रार मी मागे घेणार नाही.