संत्र्यांच्या शेडमध्ये शिकलेली चाल

मोठ्या फॅशन शोंसाठी मुलींची उंची साधारणपणे ५ फूट ८ इंच किंवा त्याहून जास्त मागितली जाते. ती मला बाबांकडून मिळाली होती. चाल मात्र वरुड तालुक्यातल्या आमच्या शेताने दिलेली होती. पावसाळ्यात काळी माती चपलेला चिकटून पाय जड होतो, म्हणून आमच्याकडे माणूस दोन पावलांत अंतर ठेवून, गुडघे किंचित वाकवून आणि पाऊल सपाट टेकवून चालतो. काट्याकुट्यांमुळे नजर खालीच असते. आजी अजूनही धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, निघालेल्या प्रत्येक मुलीला सांगते, “पायाखाली पाहून चाल वं बाई, साप-इचू असते.” मुलीने मान खाली घालून चालावे, ही गावाची दुसरी अपेक्षाही त्याच वाक्यात बेमालूम मिसळलेली असते.

नागपूरला शनिवार-रविवारी भरणाऱ्या रॅम्पवॉकच्या एका प्रशिक्षण वर्गात मी नाव घातले. १९९२ च्या मिस युनिव्हर्स स्पर्धेत तिसऱ्या आलेल्या मधु सप्रे यांचे नाव बाबांना ठाऊक होते, एवढ्यावर घरातला विरोध निम्मा मावळला. वर्गातल्या मॅडमनी पहिल्याच तासाला सँडल काढून ठेवायला लावली आणि फरशीवर चिकटपट्टीची सरळ रेघ आखली. एक पाऊल रेघेवर, दुसरे त्याच्या पुढे त्याच रेघेवर, आणि गुडघे एकमेकांना जवळजवळ घासून जातील इतके जवळ. कंबर मुद्दाम हलवायची नाही. पावले एका रेषेत पडू लागली की ती आपोआप हलते. आम्हा बहुतेकींना हे पटायला वेळ लागला. हात खांद्यापासून सैल, बोटे ना ताठ ना मिटलेली, हनुवटी जमिनीला समांतर. हे सगळे एका वेळी लक्षात राहत नाही, म्हणून मॅडम एका दिवशी एकच गोष्ट पाहत. आत्मविश्वास हा शब्द त्यांनी फारसा उच्चारला नाही, आणि ते मला आज योग्यच वाटते, कारण घोटा डगमगत असताना चेहऱ्यावर आत्मविश्वास आणण्याचा आग्रह व्यर्थ असतो.

आठवड्याचे उरलेले दिवस सराव गावातच करायचा होता. अंगण ओबडधोबड होते. शेवटी काकांची संत्र्यांच्या प्रतवारीची शेड मिळाली. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेल्या संत्र्यांची, तोड मार्चच्या सुमारास आटोपली की हिवाळ्याच्या शेवटी फुलणारा आंबिया बहार ऑक्टोबरमध्ये तोडीला येईपर्यंत ती रिकामीच असते, आणि तिची सिमेंटची जमीन लांब व सपाट आहे. मे महिन्यात पत्र्याखाली ऊन चढल्यावर उभे राहवत नाही, त्यामुळे सराव उजाडतानाच होई. खडूने रेघ आखून मी मोबाईलवर चित्रण करायची: एकदा घोट्याच्या उंचीवरून, पावले पाहण्यासाठी, आणि एकदा डोळ्यांच्या उंचीवरून, खांदे पाहण्यासाठी. आरसा मी टाळला, कारण आरशात नजर स्वतःवरच खिळते, आणि रॅम्पवर ती टोकाशी बसलेल्या छायाचित्रकारांच्या कॅमेऱ्यांच्या किंचित वर स्थिर हवी असते. त्याऐवजी मी समोरच्या भिंतीतला एक खिळा धरला. पायांकडे न पाहता चालणे हाच माझ्यासाठी सर्वांत अवघड भाग ठरला. रेघ सुटली की काय, या शंकेने मान पुन्हा पुन्हा झुके.

आईने सुचवले, “डोक्यावर गुंड घेऊन चालून पाह्य, मान सरळ होते.” गुंड म्हणजे पाण्याची घागर. मान खरोखर सरळ झाली आणि खांदेही मागे गेले. परंतु डोक्यावर ओझे असले की शरीर पाऊल आखूड करते आणि गुडघे सैल सोडते, म्हणजे नेमके तेच, जे मला सोडवायचे होते. पाणी वाहणाऱ्या बायकांची चाल म्हणजे तयार रॅम्पवॉकच, असे जे कौतुकाने म्हटले जाते, ते मला म्हणूनच अर्धे खरे वाटते.

उंच टाचा त्यानंतर आल्या. आधी रुंद टाचेच्या दोन इंची, मग पेन्सिल हीलच्या चार इंची. त्यांत टाच आणि चवडा जवळजवळ एकाच वेळी टेकावा लागतो. सरावाआधी चवड्यांवर उचलून पोटऱ्यांचा व्यायाम आणि नंतर भिंतीला हात लावून त्यांना ताण देणे मी कधी चुकवले नाही, कारण उंच टाचांत पोटरीचा स्नायू आखडलेला राहतो. पडण्याची भीती वाटणाऱ्यांना मॅडम प्रसिद्ध मॉडेल नाओमी कॅम्पबेलचे उदाहरण देत: १९९३ मध्ये पॅरिसला डिझायनर व्हिव्हिएन वेस्टवुड यांच्या शोमध्ये त्या उंच बुटांवरून कोसळल्या, हसल्या आणि उठून पुढे चालू लागल्या.

शेडच्या दारात हळूहळू टोळके जमू लागले. मजूर बायका हसत, पोरे मागून माझी नक्कल करत. मी दार लावून घेणार होते, पण मॅडमनी सक्त मनाई केली. तेव्हा त्याच पोरांना मी स्पीकरवर गाणी लावायचे काम दिले. गाणे कोणतेही लागो, त्याच्या ठोक्यावर पाऊल पडलेच पाहिजे, असा नियम केला.

पावसाळा संपता संपता नागपुरात डिझाइनच्या विद्यार्थ्यांच्या शोसाठी निवड झाली. काळे अंगाबरोबरचे कपडे, मागे बांधलेले केस आणि हातात क्रमांकाची चिठ्ठी. निवड करणाऱ्यांनी मला अर्ध्या मिनिटाहून जास्त पाहिले नसेल. मला भंडाऱ्याकडची करवतकाठी, म्हणजे करवतीच्या दात्यांसारख्या काठाची, टसर रेशमाची साडी मिळाली. साडीत लांब ढांग टाकता येत नाही. निऱ्यांची कड पायाच्या बोटांनी पुढे लोटून मग पाऊल टाकावे लागते, हे मी फिटिंगच्या वेळी शिकले. टोकाला पदर दाखवण्यापुरते थांबायचे, चवड्यांवर वळायचे, आणि शरीर वळले तरी नजर कॅमेऱ्यावरून सर्वांत शेवटी काढायची. प्रत्यक्ष रॅम्पवर दिव्यांच्या झोतामुळे प्रेक्षक दिसतच नाहीत. शेडच्या दारातले टोळके याहून पुष्कळ कठीण होते.

शोच्या चित्रफितीत माझे उजवीकडचे वळण स्वच्छ दिसते, डावीकडे वळताना मात्र खांदा घसरतो. आंबिया बहाराची तोड सुरू झाल्याने शेड आता भरली आहे, त्यामुळे डाव्या वळणाचा सराव मी घराच्या गच्चीवर करते. तेवढी जागा वळणाला पुरते.