माळ्याचा पडदा बाजूला करून ठेवा

पुढच्या महिन्याच्या अखेरीस आम्ही पुण्याच्या कर्वेनगरातले आमचे बिऱ्हाड बंगळूरला हलवत आहोत. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, इमारतीला लिफ्ट नाही, आणि सामान दोन पिढ्यांचे आहे. गेल्या पंधरवड्यात सामान हलवणाऱ्या तीन कंपन्यांची माणसे सर्व्हेसाठी, म्हणजे सामान पाहून खर्चाचा अंदाज देण्यासाठी, घरी येऊन गेली. त्या भेटींआधी आम्ही घरात जी तयारी केली, तिच्याविषयी हे टिपण आहे.

कोणीही घरी येणार म्हटले की आपला हात आपसूक आवराआवरीकडे वळतो. दिवाणावर धुतलेली चादर पडते, पसारा आतल्या खोलीत ढकलला जातो आणि माळ्याचा पडदा नीट ओढून घेतला जातो. पाहुण्यांसाठी हे योग्यच आहे. सर्व्हेला येणाऱ्या माणसासाठी मात्र हे सगळे उलटे करावे लागते, कारण त्याला नेमके तेच पाहायचे असते जे आपण इतरांपासून झाकून ठेवतो. हे शहाणपण आम्हाला २०११ साली नाशिकहून पुण्याला येताना आले. त्या वेळी आईने सर्व्हेच्या आदल्या दिवशी घर इतके लख्ख केले होते की आलेल्या गृहस्थांनी बैठकीच्या खोलीतच चहा घेतला, उभ्या उभ्या दोन खोल्या पाहिल्या आणि आकडा सांगून ते निघून गेले. गाडी भरण्याच्या दिवशी माळ्यावरून पितळी भांड्यांची दोन पिंपे, चार गाद्या, दिवाळीचे कंदील, वडिलांच्या कार्यालयीन कागदपत्रांच्या ट्रंका आणि माझी शाळेपासूनची पुस्तके खाली येऊ लागली. हमालांच्या मुकादमाने काम थांबवले, फोनाफोनी झाली, आणि शेवटी उरलेल्या सामानासाठी आम्हाला दुसरा टेम्पो करावा लागला. त्या दिवशी मी कंपनीवर फार चिडलो होतो. आज विचार करता त्यांनी माळा पाहिला नाही ही त्यांची चूक होती आणि आम्ही तो दाखवला नाही ही आमची, असे मला वाटते.

अंदाज कशावर ठरतो हे समजले की तयारी कशाची करायची हेही समजते. घरगुती सामानाचा हिशेब वजनापेक्षा जागेवर, म्हणजे घनफुटांवर चालतो. आमचे लोखंडी कपाट साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फूट खोल आहे. त्याला गाडीत सुमारे २९ घनफूट जागा लागते. दीड फूट लांबी, रुंदी आणि उंचीचे एक खोके जेमतेम ३.४ घनफुटांचे असते, पण अशी २० खोकी झाली की ती ६७ घनफूट जागा अडवतात, म्हणजे दोन लोखंडी कपाटांहून अधिक. आपण सोफा, पलंग आणि फ्रिज मोजतो. गाडी भरते ती मात्र खोक्यांनी. १४ फुटी गाडीचा हौदा सहा फूट रुंद आणि सहा फूट उंच धरला तर त्यात ५०४ घनफूट जागा मिळते, आणि तीही कागदावर, कारण गोल टेबल, झोपाळा, सायकल अशा वस्तूंच्या आजूबाजूची पोकळी वायाच जाते. तेव्हा पाहणाऱ्याची नजर चुकली तर ती बहुधा खोक्यांच्या संख्येत चुकते, आणि ती चुकू नये म्हणून आपण दारे, खण, पेट्या उघड्या ठेवायच्या असतात.

सर्वांत अवघड तयारी कशाची असेल तर ती निर्णयांची. जाणारे सामान आणि न जाणारे सामान असे दोनच भाग पडतील, असे आम्हाला आरंभी वाटले होते. प्रत्यक्षात तिसरा भागच सर्वांत मोठा निघाला: 'बघू' म्हणून ठेवलेला. बायको म्हणत होती, दिवाण जुना झाला, तो इथेच कोणाला तरी देऊन टाकू. मी म्हणत होतो, सागवानी आहे, असा पुन्हा मिळणार नाही. आणि आई काहीच म्हणत नव्हती, याचा अर्थ दिवाण न्यायचा होता. पहिल्या कंपनीचा माणूस आला तेव्हा हा वाद मिटला नव्हता आणि त्याच्यासमोर आम्ही तिघांनी तीन उत्तरे दिली. त्याने शांतपणे विचारले, "मग लिहू का नको?" त्या रात्री मुलीच्या वहीतली पाने फाडून आम्ही चिठ्ठ्या केल्या आणि घरभर चिकटवल्या. हिरवी खूण म्हणजे जाणार, लाल म्हणजे राहणार. कोऱ्या चिठ्ठीला परवानगी नव्हती. रद्दी, भंगार आणि बोहारणीकडे जायचे कपडे सर्व्हेच्या आधीच बाहेर काढले, कारण जे सामान दिसते ते मोजले जाते आणि जे मोजले जाते त्याचे पैसे पडतात. माळ्यावरचा मोडका कूलर आम्ही तेरा वर्षे 'कधीतरी दुरुस्त करू' म्हणून सांभाळला होता. तो भंगारवाल्याने दोन मिनिटांत नेला.

यंत्रांच्या बाबतीत थोडी माहिती हाताशी असावी. पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनबरोबर वाहतुकीसाठीचे लांब बोल्ट आलेले असतात. आतला ड्रम हलू नये म्हणून ते प्रवासाआधी मागून बसवावे लागतात. आमचे बोल्ट खिळ्यांच्या डब्यात, दिवाळीच्या माळांच्या बल्बांखाली सापडले, आणि ते सापडेपर्यंत ते आमच्याकडे आहेत हेही कोणाला ठाऊक नव्हते. एसी काढण्याआधी त्यातला गॅस बाहेरच्या युनिटमध्ये घ्यावा लागतो आणि ते काम बहुधा वेगळा मेकॅनिक करतो, म्हणून त्याचा खर्च अंदाजात धरला आहे की नाही, हे विचारून घ्यावे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत आम्ल असते, ती उभीच न्यावी लागते. ती कपाटामागे झाकलेली असेल तर मुद्दाम दाखवावी. स्कूटर नेणार असाल तर आरसी, विमा आणि पीयूसी यांच्या प्रती काढून ठेवाव्यात. दुसऱ्या राज्यात वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायचे असेल तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी इथल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. त्या कामाला वेळ लागतो, म्हणून आमची स्कूटर न्यायची की विकायची हा निर्णय आम्ही सर्व्हेच्या आधी घेतला. ती विकली.

काही वस्तू गाडीत जातच नाहीत, त्यांची यादी वेगळी करावी. गॅस सिलिंडर कोणतीही शहाणी कंपनी घेत नाही. सिलिंडर आणि रेग्युलेटर वितरकाकडे जमा करून कागद घ्यायचे आणि नव्या गावी जोडणी घ्यायची. दागिने, रोकड, मूळ कागदपत्रे आपल्या हातातल्या पिशवीत. कुंड्यांना तिन्ही कंपन्यांनी नकार दिला, कारण बंद गाडीत तीन-चार दिवस झाडे टिकत नाहीत. आईने बाकी सगळ्या कुंड्या शेजारच्या काकूंना दिल्या. तुळस मात्र आमच्याबरोबर कारमधून येणार आहे आणि त्यावर चर्चा होणार नाही.

घराबाहेरची तयारी बहुतेक लोक विसरतात. आमच्या जिन्याची वळणे अरुंद आहेत. फ्रिज वर कसा आला होता हे आता कोणालाच आठवत नाही. मी टेप घेऊन जिन्याची रुंदी, दाराची चौकट आणि वळणावरच्या कठड्याची उंची मोजून ठेवली. गाडी फाटकाशी लागेल का, सोसायटीत सामान उतरवण्याच्या वेळा काय आहेत, चिटणिसांचे पत्र लागते का, हेही आधी विचारले. हेच प्रश्न पलीकडच्या घराबाबतही उभे राहतात. बंगळूरचे घर सातव्या मजल्यावर आहे, तिथे सामानाची लिफ्ट वेगळी आहे आणि ती आधी सांगून ठेवावी लागते. मोठी गाडी आत सोडत नाहीत, त्यामुळे फाटकापासून छोट्या गाडीने सामान न्यावे लागणार आहे. हे मी नव्या घरमालकांना फोन करून विचारले नसते, तर त्या छोट्या गाडीचे पैसे सामान दारात उभे असताना मागितले गेले असते.

तिसऱ्या कंपनीचा माणूस विशीतला होता, हातात तक्ता, गळ्यात टेप. चपला बाहेर काढून आत आला आणि पाणी घेण्याआधीच त्याने विचारले, "काका, दिवाणात काय आहे?" मी झाकण उचलले. आत गाद्या, वर घंगाळ, आणि घंगाळात जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या समया. त्याने घंगाळ दोन्ही हातांनी जरासे उचलून पाहिले, परत ठेवले आणि लिहिले. मग स्टूल मागून माळ्यावर चढला. पडदा आम्ही आदल्या दिवशीच काढून ठेवला होता. पुस्तकांच्या फडताळासमोर उभा राहून त्याने एका ओळीतली पुस्तके वीत लावून मोजली आणि म्हणाला, "पुस्तकांना लहान खोकी लागतील, मोठ्यात भरली तर बूड फाटतं." स्वयंपाकघरात ओट्याखाली तो वाकला तेव्हा आईने आतून सांगितले, "अरे बाळा, तो पाटा-वरवंटा पण लिही हो, नाहीतर हे लोक विसरतील." त्याने तो पायाने सरकवायचा प्रयत्न केला, सरकला नाही, आणि हसून लिहिला. पहिला माणूस वीस मिनिटांत गेला होता. हा सव्वा तास होता. त्याचा आकडा तिघांत सर्वाधिक नव्हता, मधला होता.

तिन्ही आकडे समोर ठेवल्यावर रकमेआधी घनफूट पाहावेत, असे माझे मत झाले आहे. पहिल्याने ४१० घनफूट धरले होते, तिसऱ्याने ५६०. स्वस्त वाटणारा आकडा प्रत्यक्षात कमी सामानाचा आकडा होता. रक्कम जीएसटी धरून आहे की वगळून, गाडी आपल्या एकट्याची की इतरांच्या सामानाबरोबर, पलंग आणि कपाटे उघडणे-जोडणे धरले आहे का, मजल्यांचे वेगळे पैसे आहेत का, हे लिहून घ्यावे. विम्यासाठी दोघांनी सामानाच्या जाहीर किमतीच्या ३ टक्के सांगितले; तेव्हा ही विमा कंपनीची पॉलिसी आहे की वाहतूकदाराचे नुसते आश्वासन, असे मी विचारले, आणि एकाचे उत्तर फार लांबले. एका अंदाजात 'ई-वे बिल', म्हणजे मालवाहतुकीसाठी जीएसटीखाली काढायचा ऑनलाइन कागद, म्हणून वेगळी रक्कम होती. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही, हे सांगितल्यावर ती ओळ निमूटपणे निघाली. मालवाहतुकीचा व्यवसाय करणाऱ्याला २००७ च्या रस्ता मालवाहतूक कायद्यानुसार नोंदणी करावी लागते. नोंदणीचा क्रमांक मागण्यात संकोच करू नये. फोनवर 'दोन बेडरूमचे सामान म्हणजे एवढे' असा आकडा देणाऱ्यांचा मी विचारच केला नाही, आणि व्हिडिओ कॉलवर पाहणाऱ्यांना माळा दाखवताना माझाच हात थरथरतो.

तिसऱ्या कंपनीची यादी मी तिथल्या तिथे वाचली, फोटो काढला आणि ईमेलवर मागवून घेतली. त्यात ८३ नोंदी आहेत. दिवाण आहे, पाटा-वरवंटा आहे, वॉशिंग मशीनसमोर 'बोल्ट आहेत' असेही लिहिले आहे. फक्त झोपाळ्यासमोर प्रश्नचिन्ह आहे, कारण नव्या घराच्या छताला कड्या आहेत का, हे अजून कळलेले नाही. घरमालकांना निरोप पाठवला आहे. गुरुवारपर्यंत कळवले तर त्याच आकड्यात तो बसवू, असे त्या मुलाने सांगितले आहे.