हॉस्टेलला भाकरी मिळते का, मॅडम?

गेल्या वर्षी सहलीच्या संमतीपत्रावर एका वडिलांनी सहीच्या खाली बॉलपेनने लिहून पाठवलं होतं, "तिथे बघण्यासारखं काय आहे?" सही केलेली होती, पैसे पण दिलेले होते, राग वगैरे काही नाही, नुसता प्रश्न. आणि खरं सांगू का, प्रश्न बरोबरच होता. कारण आमची सहल ना रायगडला होती ना शिर्डीला ना वॉटर पार्कला, आम्ही नववीच्या पोरांना घेऊन चाललो होतो मुक्त विद्यापीठ बघायला, आणि विद्यापीठात बघायचं काय असतं हे जसं त्या माणसाला कळेना तसं आमच्या स्टाफरूममधल्या निम्म्या लोकांना पण कळत नव्हतं.

मी दिंडोरीकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. पोरं बहुतेक द्राक्षवाल्यांची, म्हणजे थोडी बागमालकांची आणि जास्त करून बागेत कामाला येणाऱ्यांची. मोठेपणी काय होणार विचारलं की उत्तरं ठरलेली, पोलीस, आर्मी, डॉक्टर, एखादा शहाणा म्हणणार कलेक्टर. मुली नर्स नाहीतर टीचर म्हणतात, त्यातलं टीचर हे मला बरं वाटावं म्हणून असतं असा माझा दाट संशय आहे. ह्यात पोरांची चूक नाही हो, जेवढी कामं डोळ्यासमोर दिसली तेवढीच सांगणार ना ती. मध्यंतरी दहावीला कलचाचणी असायची, तेव्हा एका मुलीचा कल आला ललित कला आणि तिची आई तो कागद घेऊन माझ्याकडे आली, मॅडम हे चांगलं आहे का वाईट. काय सांगणार मी तिला, ललित कला शिकवणारी जागा मी तरी कुठे आतून बघितली होती.

आमच्या गावाकडून नाशिकला यायचं तर दिंडोरी रोडने म्हसरूळवरून यावं लागतं. तिथे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, १९९८ सालचं, महाराष्ट्रातली मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, नर्सिंग, फिजिओथेरपी अशी बहुतेक कॉलेजं ह्याच्या हाताखाली, आणि आमची पोरं त्याला इतकी वर्षं मोठं हॉस्पिटल समजत होती. पुढे मेरीचा स्टॉप. मी एकदा वर्गात विचारलं मेरी म्हणजे काय रे, तर एकजण म्हणाला कोणीतरी बाई असेल मॅडम, इंग्रजांच्या काळातली. महाराष्ट्र इंजिनिअरिंग रिसर्च इन्स्टिट्यूट, त्याची पहिली अक्षरं घेऊन मेरी, धरणं आणि पाण्याच्या कामांवर संशोधन करणारी सरकारी संस्था, १९५९ पासून तिथे आहे. कंडक्टर दिवसातून दहा वेळा ओरडतो मेरी मेरी मेरी, उतरणारे उतरतात, चढणारे चढतात. त्या दिवशी मला जाणवलं की आपण पोरांना लांबलांबचं दाखवायला निघतो आणि बसच्या खिडकीतून रोज दिसतं तेच कोणी सांगितलेलं नसतं.

तर मुक्त विद्यापीठ. एसटीची शाळेच्या सहलीला निम्म्या दरात गाडी मिळते, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी वगैरे कागद हेडसरांनी केले, आम्ही निघालो. गंगापूर धरणावर ह्यातली बरीच पोरं घरच्यांबरोबर जाऊन आलेली, म्हणजे विद्यापीठ त्याच बाजूला आहे तरी ते कशाचं ऑफिस आहे असंच वाटायचं त्यांना. गेटपाशी गाडी थांबली आणि आमचे ड्रायव्हर काका खाली उतरता उतरता सहज म्हणाले, माझी पण डिग्री इथलीच आहे. झालं! पोरं विद्यापीठ सोडून काकांभोवती गोळा. काका तुम्ही कधी शिकले, काका ड्युटी असताना कसं काय, काका पेपरला सुट्टी मिळायची का. काकांनी सांगितलं, मुक्कामी गाडी असली की रात्री डेपोत पुस्तक काढायचो, कधी दोन पानं व्हायची कधी झोप लागायची, बीए व्हायला ठरल्यापेक्षा दोन वर्षं जास्त गेली. १९८९ साली हे विद्यापीठ सुरू झालं ते अशाच माणसांसाठी, नोकरी सांभाळून, घर सांभाळून शिकणाऱ्यांसाठी, हे मी आत जाऊन तासभर सांगणार होते ते काकांनी गेटवर पाच मिनिटात सांगून टाकलं. एका मुलीने मला हळूच विचारलं, माझी आई दहावी झालेली आहे, तिला चालेल का. मी म्हटलं बारावीचा फॉर्म भरायला सांग आधी, मग बघू. भरला का ते माहीत नाही, पण विचारलं तरी.

पहिली सहल अशी चांगली झाली म्हणून मला जरा जास्तच उत्साह आला आणि दुसरी पार फसली. एका खासगी कॉलेजने स्वतःहून बोलावलं होतं, नाव सोडा. एसी हॉलमध्ये दोन तास बसवलं, पीपीटी, पॅकेज इतके लाख आणि तितके लाख, हवेतून काढलेला कॅम्पसचा व्हिडिओ, जो कॅम्पस आम्ही चालत बघू शकलो असतो कारण आम्ही त्याच कॅम्पसमध्ये बसलो होतो ना! शेवटी प्रत्येकाला एक पेन, एक समोसा आणि एक फॉर्म ज्यावर पालकांचा मोबाईल नंबर. पुढे महिनाभर पालकांना ॲडमिशनचे फोन आणि पालकांचे मला. पोरं नववीत आहेत हो! तेव्हापासून ठरवलं, हॉलमध्ये बसवणार असतील तर जायचंच नाही.

म्हणून पुढच्या वेळी नाशकातल्या एका सरकारी कॉलेजात ओळखीने गेलो तेव्हा मी आधीच फोनवर सांगितलं, भाषण नको, आम्हाला मेस, हॉस्टेल, लायब्ररी आणि वर्कशॉप दाखवा. पलीकडचे सर हसले, म्हणाले मॅडम, हॉस्टेल काय बघायचं. पण मुलींचं हॉस्टेल दाखवायला त्यांनी थर्ड इयरची एक मुलगी दिली, पेठ तालुक्याकडची, आणि ती तोंड उघडून दोन वाक्यं बोलली तशा माझ्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या, कारण ती अगदी त्यांच्यासारखीच बोलत होती. खोली दाखवली तिने. तीन कॉट, दोरीवर वाळत घातलेले कपडे, खिडकीत लोणच्याची बरणी, भिंतीवर टाइमटेबल आणि त्याच्या बाजूला देवीचा फोटो. आमच्या वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी आहे, बाकी सगळ्या पलंगावर बसून बघत होत्या आणि ही दारातच उभी, तिथूनच विचारलं, "हॉस्टेलला भाकरी मिळते का?" थर्ड इयरवाली म्हणाली रात्री मिळते, सकाळी चपाती, रविवारी संध्याकाळी मेस बंद असते मग आम्ही काहीतरी करतो, आणि पहिले पंधरा दिवस मी रोज रडले बरं का, मग नाही. मग ती दारातली मुलगी आत आली आणि कॉटवर टेकली.

मी वीस वर्षं शिकवतेय पण हे मला कोणत्या ट्रेनिंगला कोणी सांगितलं नव्हतं. आपण पोरांना विचारतो तुला काय व्हायचंय, आणि त्यांच्या डोक्यात चालू असतं तिथे राहायचं कुठे, खायचं काय, कोणी हसलं तर. ते सुटल्याशिवाय मेकॅनिकल का कॉम्प्युटर हा प्रश्न येतच नाही. (मुलगे पीटीच्या सरांबरोबर दुसऱ्या हॉस्टेलला गेले होते, ते परत आले तेव्हा त्यांच्याकडे एवढीच माहिती होती की कॅरम आहे आणि वायफाय स्लो आहे. असो.)

त्या दिवशी मी दोन पालकांना पण बरोबर नेलं होतं, आता प्रत्येक वेळी नेते. एक वडील टेम्पो चालवतात, ते सगळा वेळ मागे मागे चालत होते, आणि ऑफिसच्या खिडकीपाशी आल्यावर थांबून क्लार्कला थेट विचारलं, फी किती. क्लार्क भला माणूस, त्याने जेवणाची सुट्टी थांबवून समजावलं की २०२४ पासून ज्यांच्या घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे अशा ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना इंजिनिअरिंगसारख्या प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, आदिवासी मुलांना सरकारी वसतिगृहात जागा नाही मिळाली तर स्वयंम योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे खात्यावर येतात, फक्त दाखले वेळेत काढा, जातीचा, उत्पन्नाचा, नॉन क्रिमीलेअर, ऐन ॲडमिशनला सेतूत रांग असते. त्या वडिलांनी खिशातून डायरी काढून सगळं लिहून घेतलं, भाड्याचा हिशोब लिहितात त्याच डायरीत. हीच माहिती मी पालकसभेत तीनदा सांगितलेली आहे, तीनदा! पण तेव्हा ती मॅडमची माहिती होती.

आता पांडवलेणी. नाशिकचं पोरगं पांडवलेणीला गेलं नाही असं होत नाही, पण पायऱ्या चढायच्या, सेल्फी काढायचा, खाली येऊन भेळ खायची, संपलं. ह्या वेळी आम्ही आधी लेणी केली आणि मग तिथून त्र्यंबक रोडला अंजनेरीला नाणेशास्त्राच्या संशोधन संस्थेत गेलो, जुन्या नाण्यांचा अभ्यास करणं हेच तिथल्या लोकांचं काम. लेण्यात दहा नंबरला नहपान नावाच्या क्षत्रप राजाच्या जावयाचा लेख आहे आणि तीन नंबरला गौतमी बलश्रीचा, ज्यात ती आपल्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं कौतुक सांगते. पोरं पुढे चालली होती, दगडावर कायतरी खरडलंय एवढंच. पण अंजनेरीला तिथल्या एकांनी सांगितलं की १९०६ साली जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांवर नाणी, सगळी मुळात नहपानाची, आणि त्यातल्या बहुतेकांवर सातकर्णीने आपला छाप परत मारलेला. म्हणजे नहपानाशी लढाई जिंकली, शत्रूची नाणी वितळवत बसला नाही, त्याच्याच चेहऱ्यावर ठोकला शिक्का. मागून एकजण ओरडला, "जोगलटेंभी? ते तर माझ्या मामाचं गाव आहे!" आणि मग त्याला काय जोर आला, त्याने त्या माणसाला अर्धा तास सोडलं नाही, कोणाला सापडली, ती आता कुठेत, मामाच्या शेतात अजून असतील का, खोटं नाणं कसं ओळखता, ह्याचा पगार मिळतो का तुम्हाला. पगार मिळतो म्हटल्यावर त्याचा चेहरा बघायला पाहिजे होता. पुण्याला डेक्कन कॉलेजमध्ये पुरातत्त्व शिकवतात हे त्याने वहीत लिहिलंय, स्पेलिंग चुकलंय, चालेल. इतिहासात त्याला गेल्या चाचणीत वीसपैकी सहा होते.

सगळ्यात लांबची सहल खोडदची. नारायणगावच्या पुढे आत गेलं की जीएमआरटी, मोठ्या रेडिओ दुर्बिणी, आणि २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तिथे शाळांना आत सोडतात, प्रदर्शन असतं, आजूबाजूच्या शाळांची नुसती झुंबड. आमच्याकडे फेब्रुवारी म्हणजे द्राक्षाची काढणी ऐन भरात, निम्मा वर्ग बागेत, दोन मुलींच्या घरी मी स्वतः गेले तेव्हा एक दिवस सुटका झाली. पहाटे चारला गाडी निघाली, सिन्नरपर्यंत दोघांना उलट्या, संगमनेरला चहा. पोहोचल्यावर पहिली गोष्ट, मोबाईल बंद करा, कारण तिथे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी इतक्या अशक्त असतात की आपल्या फोनचा गोंगाट त्यांच्यावर पडतो. फोन बंद केल्यावर आमच्या सरांचीच चलबिचल जास्त.

एक एक अँटेना पंचेचाळीस मीटरची, अशा तीस, चौदा जवळजवळ आणि बाकीच्या तीन दिशांना लांबवर पसरलेल्या, आणि सगळ्या मिळून एकच मोठी दुर्बीण असल्यासारखं काम करतात. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप ह्यांनी ती उभी केली, आणि पत्र्याची भरीव थाळी न करता स्टीलच्या दोरांवर बारीक तारेची जाळी ताणली, म्हणून वजन कमी, खर्च कमी, वाराही आरपार जातो. बागेतल्या मांडवाच्या तारा ताणायचं काम ज्यांनी केलंय त्या पोरांना हे एका फटक्यात कळलं. एकाने विचारलं पण, तार सैल पडली की कोण ताणतं. तिथे उभे असलेले एक दादा म्हणाले आमची टीम, मी आयटीआय फिटर आहे. पोरांना वाटत होतं इथे सगळे सायंटिस्टच असतात, कोट घातलेले. मोटारी, गिअर, वायरिंग, केबल सांभाळणारी माणसं पण लागतात म्हटल्यावर चार-पाच जण त्या दादांनाच चिकटले, प्रदर्शन राहिलं बाजूला.

परत आल्यावर मी नेहमीसारखं निबंध लिहायला दिला, सहलीत काय बघितलं आणि काय व्हावंसं वाटलं. बऱ्याच जणांनी मला बरं वाटेल असं शास्त्रज्ञ लिहिलं. एकाने लिहिलं की त्याला खोडदला वॉचमन व्हायचंय, कारण शास्त्रज्ञ दिवसभर आत कॉम्प्युटरवर असतात आणि वॉचमनला सगळ्या अँटेना रोज फिरताना दिसतात, आणि रात्री अंधार असल्यामुळे तारे पण. खाली त्याने कंसात विचारलंय की त्यासाठी कितवीपर्यंत शिकावं लागतं. मी अजून उत्तर लिहिलेलं नाही, वही माझ्याकडेच आहे.