करंट जाता काय नाय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कुडाळात बारावीला फिजिक्स शिकवते, आणि दरवर्षी मागच्या बाकावरून हा प्रश्न येतोच: "बाई, कपॅसिटरातसून डीसी करंट जाता काय नाय जाता, ता एकदा सांगा!"

मी उलट विचारते, कधीचं सांगू?

कपॅसिटर म्हणजे समोरासमोर दोन पत्रे, मध्ये करंट न जाऊ देणारा पडदा; पत्र्यांवर चार्ज साठतो. डीसी म्हणजे बॅटरीचा, एकाच दिशेने वाहणारा करंट. रिकाम्या कपॅसिटरवर व्होल्टेज शून्य असतं आणि ते एका झटक्यात बदलत नाही. म्हणून स्विच दाबला त्या क्षणी त्याला नुसती तार समजायचं. पुरता भरला की त्याच जागी तुटलेली तार. मधल्या पडद्यातून इलेक्ट्रॉन पलीकडे जात नाहीत. एका पत्र्यावर जितके साचतात तितकेच दुसऱ्यावरून निघून जातात. बाहेरच्या तारेत करंट असतो, पण भरेपर्यंतच.

आता गणित. १२ व्होल्टची बॅटरी, तिला ३ आणि ६ किलोओहमचे रेझिस्टर एकापुढे एक, आणि त्या ६ च्या दोन टोकांना १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पहिल्या क्षणी ६ ला बगल मिळते, सगळे १२ व्होल्ट ३ वर, करंट ४ मिलिअँपिअर. शेवटी कपॅसिटरची फांदी बंद, रेझिस्टर मिळून ९, करंट १.३३, आणि कपॅसिटरवर ८ व्होल्ट. इथवर कोणी चुकत नाही.

चुकतात ते वेळ काढताना. मीही चुकले होते. कॉलेजात असताना मी सरळ ३ आणि ६ ची बेरीज केली, टाइम कॉन्स्टंट (कपॅसिटर ६३ टक्के भरायला लागणारा वेळ, रेझिस्टर गुणिले कपॅसिटर) ९ सेकंद लिहिला आणि मल्टिमीटर लावून बसले. ८ व्होल्टचे ६३ टक्के म्हणजे साधारण पाच व्होल्ट. काटा पाचावर दोन सेकंदांतच! आधी घड्याळावर संशय घेतला, मग मीटरवर. स्वतःवर सगळ्यात शेवटी. बॅटरीच्या जागी तार कल्पून कपॅसिटरच्या पायांपाशी उभं राहून पाहायचं असतं: तिथून दोन्ही रेझिस्टर समांतर दिसतात. ३ गुणिले ६ भागिले ९, म्हणजे २ किलोओहम. गुणिले १००० मायक्रोफॅरड, २ सेकंद. (बाजारातला कपॅसिटर छापलेल्या आकड्यापेक्षा पंधरा-वीस टक्के इकडेतिकडे असू शकतो, तेव्हा २.३ आले तर वहीत खाडाखोड करू नका.)

आणि बॅटरीची तार काढली तर? ३ ची वाटच तुटली. उरला ६, म्हणजे टाइम कॉन्स्टंट ६ सेकंद. भरायला दोन, ओसरायला सहा. पाऊस थांबल्यावर पागोळ्या गळत राहतात तसं: आधी धार, मग थेंब, मग दोन थेंबांत लांबलेलं अंतर. पावसाळ्यात लाइट गेली की चार्जरचा बारका दिवा कधीकधी क्षणभर रेंगाळून विझतो, तोही हाच प्रकार.

पण ओसरायला वाट हवी. आमच्या शेजारच्या काकांनी सेल काढून ठेवलेला जुना कॅमेरा दुरुस्त करायला घेतला. फ्लॅशच्या कपॅसिटरवर तीनेकशे व्होल्ट तसेच साठून होते. निसटायला वाटच नव्हती. बोट लागलं आणि काकांची बोंब आमच्या पडवीपर्यंत ऐकू आली. तेव्हापासून मला विचारतात, "बॅटरी नाय, मग करंट खयसून इलो?"